मधली जागा कुणाची? वेबपानावरच्या उभ्या अंतराचं कोडं

एका गृहनिर्माण सोसायटीच्या वेबसाइटवर पाण्याची सूचना लागली आहे, असं समजा. वर 'ए विंग' हे शीर्षक, त्याखाली दोन ओळी: टाकी धुवायची असल्यानं सोमवारी सकाळी पाणी येणार नाही. मग 'बी विंग' आणि तिच्या दोन ओळी. मजकूर बरोबर, शुद्धलेखनही बरोबर. पण 'बी विंग' हे शीर्षक वरच्या ओळींपासून जितकं लांब आहे, तितकंच खालच्या ओळींपासूनही आहे. मोबाइलवर अंगठ्यानं भराभर पान सरकवणाऱ्याला ते वरच्या मजकुराचं की खालच्या, हे चटकन ठरवता येत नाही. मग सोमवारी बी विंगमध्ये विनाकारण बादल्या भरल्या जातात आणि ए विंगमध्ये नळ कोरडा.

जवळजवळ असलेल्या वस्तू डोळा एकाच गटातल्या समजतो, हे माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ साली मांडलं. वेबपानावरची रिकामी जागा शोभेपुरती नसते, तीही काहीतरी सांगत असते. आणि वरच्या पानात चूक कुणी मुद्दाम केलेली नाही. काहीच सांगितलं नाही तर ब्राउझर असंच मांडतो. मधल्या आकाराच्या शीर्षकाचं अक्षर २४ पिक्सेलचं आणि त्याच्या वर-खाली सुमारे २० पिक्सेल जागा. साध्या परिच्छेदाचं अक्षर १६ पिक्सेलचं आणि वर-खाली १६ पिक्सेल जागा. परिच्छेदाचे १६ आणि शीर्षकाचे २० मिळून ३६ व्हायला हवेत ना? होत नाहीत. २० च राहतात, वरही आणि खालीही. कोडं इथूनच सुरू होतं.

## कुंपण, अंगण आणि घरगल्ली

वेबपानावरची प्रत्येक गोष्ट, मग ते शीर्षक असो, चित्र असो वा बटण, ब्राउझरच्या लेखी एक चौकोनी पेटी असते. या पेट्या कशा दिसाव्यात आणि कुठे बसाव्यात हे सीएसएस या भाषेत सांगतात. तिची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली आणि पुढे लागणारे तीन शब्द तेव्हापासूनचे आहेत. बॉर्डर म्हणजे पेटीची कंपाउंड वॉल. पॅडिंग म्हणजे वॉलच्या आतलं अंगण. मार्जिन म्हणजे वॉलबाहेर सोडलेली जागा.

अंगणातली फरशी आपली असते, म्हणून पेटीला दिलेला रंग पॅडिंगमध्ये पसरतो, मार्जिनमध्ये नाही. बटणाच्या पॅडिंगवर बोट टेकलं तरी बटण दाबलं जातं. मार्जिनवर टेकलं तर काहीच होत नाही. बटण बोटाला सापडत नाही अशी तक्रार आली की आधी हेच पाहावं: जागा आत दिली आहे की बाहेर.

आता घरगल्ली. गिरगाव-भुलेश्वरकडच्या जुन्या वस्तीत दोन चाळींच्या पाठींमध्ये एक चिंचोळी गल्ली असते, सांडपाण्याचे पाइप तिथून उतरतात. इकडच्यानं थोडी जागा सोडलेली, तिकडच्यानं थोडी. पण ती गल्ली नेमकी कुणाची आणि झाडायची कुणी, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद. एकाखाली एक रचलेल्या दोन पेट्यांमधलं अंतर अगदी असंच असतं. वरच्या पेटीचं खालचं मार्जिन आणि खालच्या पेटीचं वरचं मार्जिन एकाच गल्लीवर हक्क सांगतात.

## २० आणि १६ मिळून २०

हा वाद सीएसएसनं एका नियमानं सोडवला: दोन उभी मार्जिनं समोरासमोर आली की त्यांची बेरीज करायची नाही, मोठं असेल ते धरायचं. याला मार्जिन कोलॅप्स म्हणतात. रांगेत एकाला पुढच्यापासून दोन हात अंतर हवं आणि पुढच्याला मागच्यापासून तीन हात. तीन हात सोडले की दोघांचंही समाधान होतं, पाच सोडायची गरज नसते.

म्हणूनच परिच्छेदाचं मार्जिन १६ वरून १८ केलं तरी शीर्षकालगतचं अंतर ढिम्म हलत नाही. शीर्षकाचे २० तिथे आधीच बसलेले असतात. एक मार्जिन उणे असेल तर मात्र बेरीज होते: ३० आणि उणे १० मिळून २०. आडव्या दिशेला हा नियम लागू नाही. शेजारी-शेजारी ठेवलेल्या पेट्यांची डावी-उजवी मार्जिनं सरळ मिळवली जातात.

नियम मूर्खपणाचा नाही, हे आधी मान्य करायला हवं. तो नसता तर दोन परिच्छेदांमध्ये ३२ पिक्सेल आणि पहिल्याच्या वर १६ अशी विसंगती प्रत्येक लेखात दिसली असती. सलग मजकुरासाठी तो चांगलाच आहे. अडचण येते ती पेटीच्या आत पेटी असते तेव्हा. सूचनेच्या कार्डाला पिवळसर रंग दिला, आत शीर्षक ठेवलं, त्याला वर २० मार्जिन दिलं. अपेक्षा अशी की पिवळ्या कार्डाच्या आत, शीर्षकाच्या डोक्यावर २० पिक्सेल मोकळे दिसतील. दिसतं उलटंच: शीर्षक कार्डाच्या वरच्या कडेला चिकटलेलं आणि आख्खं कार्ड २० पिक्सेल खाली सरकलेलं. कार्डाला वर बॉर्डर नाही, पॅडिंग नाही, त्यामुळे आतल्या पेटीचं मार्जिन आणि बाहेरच्या पेटीचं मार्जिन यांच्यामध्ये आडवं यायला काहीच नाही. ते मार्जिन कार्डातून गळून बाहेर पडतं.

कार्डाला पॅडिंग द्या, गळती थांबते, आणि कार्डाला तसंही पॅडिंग हवंच असतं. पॅडिंग नकोच असेल तर कार्डाचा डिस्प्ले, म्हणजे पेटीची मांडणी ठरवणारा गुणधर्म, 'फ्लो-रूट' करा. हा पर्याय नेमका अशाच कामासाठी आहे. जुन्या कोडमध्ये यासाठी 'ओव्हरफ्लो हिडन', म्हणजे कडेबाहेरचं लपवा, असं टाकलेलं सापडतं. त्यानंही गळती थांबते, पण आतल्या वस्तूची कडेबाहेर जाणारी सावली, आणि मराठीत कधी कधी वेलांटीसुद्धा, कापली जाते.

सीएसएसचे नियम ठरवणाऱ्या कार्यगटानं या भाषेच्या रचनेत झालेल्या चुकांची एक यादी स्वतःच जाहीरपणे ठेवली आहे. एकाच पेटीचं वरचं आणि खालचं मार्जिन आपोआप एकमेकांत मिसळू द्यायलाच नको होतं, असं त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा हे कोडं सुटत नाही म्हणून नवशिक्यानं स्वतःला दोष देऊ नये.

## जागा सोसायटीच्या नावावर करा

मुंबईत ज्यांनी कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी, खेटे घातले आहेत, त्यांना हा उपाय लगेच कळेल. इमारतींमधली जागा एकेका इमारतीच्या नावावर ठेवायची नाही, सोसायटीच्या नावावर करायची. म्हणजे आतल्या पेट्यांनी स्वतःभोवती जागा मागायची नाही. ज्या मोठ्या पेटीत त्या रचल्या आहेत, तिनंच ठरवायचं की माझ्या पोटातल्या दोन वस्तूंमध्ये इतकं अंतर. या गुणधर्माचं नाव गॅप.

बाहेरच्या पेटीचा डिस्प्ले 'ग्रिड' (जाळीची मांडणी) करा आणि गॅप २४ पिक्सेल द्या. किंवा डिस्प्ले 'फ्लेक्स' (रांगेची मांडणी), दिशा 'कॉलम' (उभी) आणि गॅप तोच. अंतर फक्त दोन वस्तूंच्या मध्ये येतं. पहिलीच्या वर नाही, शेवटचीच्या खाली नाही. यादीतल्या शेवटच्या वस्तूखाली उरणारी नको असलेली पट्टी काढण्यासाठी वेगळा नियम लिहायची गरज संपते. सूचना ३ असोत वा ३०, हिशेब तोच. ग्रिडमध्ये ही सोय २०१७ पासून आहे. फ्लेक्समध्ये ती फायरफॉक्सनं २०१८ मध्ये, क्रोमनं २०२० मध्ये आणि सफारीनं २०२१ मध्ये दिली, म्हणून त्याआधी लिहिलेल्या धड्यांमध्ये तिचा उल्लेख सापडत नाही.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, जुनी मार्जिनं तशीच राहतात. फ्लेक्स आणि ग्रिडमध्ये मार्जिन कोलॅप्स होतच नाही. दोन परिच्छेदांमध्ये गॅप २४ दिला आणि ब्राउझरची १६-१६ ची मार्जिनं काढली नाहीत, तर प्रत्यक्ष अंतर १६ अधिक २४ अधिक १६, म्हणजे ५६ पिक्सेल पडतं. 'गॅप दिला आणि पान फाटलं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. आतल्या वस्तूंची वर-खालची मार्जिनं आधी शून्य करा.

दुसरं, रिकाम्या पेट्या. अर्जात मोबाइल नंबरच्या खाली चूक झाल्याचा संदेश दाखवायला एक पेटी ठेवलेली असते. चूक नसताना ती रिकामी असते, दिसत नाही, पण सदस्य म्हणून रांगेत उभी असते. तिच्या वर एक गॅप, खाली एक गॅप. मधलं अंतर दुप्पट. संदेश नसेल तेव्हा ती पेटी पानावर घालूच नये, किंवा तिचा डिस्प्ले 'नन' करावा. 'एम्प्टी' या सिलेक्टरनं (पेट्या निवडणाऱ्या खुणेनं) रिकामी पेटी लपवता येते, मात्र टॅगच्या, म्हणजे पेटीची सुरुवात-शेवट दाखवणाऱ्या खुणांच्या, आत एक स्पेस किंवा एंटर राहिला तरी ती पेटी रिकामी धरली जात नाही. या एका स्पेसवर तासन्‌तास जातात.

तिसरं, फ्लेक्स-कॉलममध्ये आणि ग्रिडमध्ये वस्तू आडव्या ताणल्या जातात. 'पावती डाउनलोड करा' हे छोटं बटण अचानक पानभर लांब होतं. फ्लेक्समध्ये बटणाला 'अलाइन-सेल्फ', ग्रिडमध्ये 'जस्टिफाय-सेल्फ' द्या आणि किंमत 'स्टार्ट' ठेवा. आणि सलग वाक्य असलेल्या परिच्छेदालाच कधी फ्लेक्स करू नका. वाक्यातली प्रत्येक लिंक सुटी वस्तू बनते आणि वाक्याचे तुकडे पडतात.

## "पण लेखात प्रत्येक अंतर वेगळं असतं"

हा आक्षेप रास्त आहे. गॅप सगळ्यांना सारखं अंतर देतो. कार्डांच्या यादीला, अर्जाला, मेनूला ते शोभतं. लेखात किंवा सूचनेत मात्र शीर्षकाच्या वर जास्त आणि खाली कमी जागा हवी. तिथे मार्जिनच वापरावं, पण एकाच दिशेनं: फक्त वरचं. खालची सगळी मार्जिनं शून्य. गल्लीवर एकाच बाजूचा हक्क राहिला की वादच उरत नाही.

त्यासाठी एक सुटसुटीत नियम आहे: तारांकन, अधिक, तारांकन (* + *). त्याचा अर्थ, ज्याच्या आधी कुणी भावंड आहे अशा प्रत्येक वस्तूला. ही तीन चिन्हं शेजारी लिहिली की घुबडाच्या तोंडासारखी दिसतात, म्हणून त्याला आउल सिलेक्टर म्हणतात. रांगेतल्या पहिल्याच्या पुढे कुणी नसतं, त्यामुळे त्याला अंतर मिळत नाही. बाकी सगळ्यांना मिळतं. हा नियम लेखाच्या पेटीपुरताच लावा, साऱ्या पानाला लावू नका. मूळ अंतर १६ पिक्सेल, शीर्षकाला वरून ४०, आणि शीर्षकाच्या लगेच खाली येणाऱ्या वस्तूला ८. या तीन आकड्यांवर 'बी विंग' आपल्या मजकुराला जाऊन बसतं. वरचं अंतर खालच्याच्या निदान दुप्पट असावं. त्याहून कमी फरक फोनच्या छोट्या पडद्यावर जाणवत नाही.

## मराठी ओळ उंच असते

अंतराबद्दलचे बहुतेक धडे रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेले असतात आणि त्यातले आकडे मराठी पानावर जसेच्या तसे बसत नाहीत. आपल्या अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार; पायाशी उकार, ऋकार, खाली लटकणारी जोडाक्षरं. 'पूर्वसूचना: वार्षिक सर्वसाधारण सभा' हे शीर्षक फोनवर दोन ओळींत मोडलं की वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार एकमेकांच्या अंगावर येऊ शकतात.

ओळीच्या पेटीची उंची लाइन-हाइट ठरवते. ती सांगितली नाही तर फॉन्टच्या आतल्या मापांवरून ठरते, आणि ती मापं फॉन्टगणिक वेगळी असतात. म्हणून एकाच पानाची लांबी दोन फोनवर वेगळी भरते. इंग्रजी मजकुराला १.५ पुरते. मराठीला १.६ ते १.८ द्यावी, १६ पिक्सेलच्या अक्षराला १.७ म्हणजे ओळ २७.२ पिक्सेलची. मोठ्या शीर्षकाला इतकी दिली तर दोन ओळी फाकतात, तिथे १.३ ते १.४ ठीक. इंग्रजी नमुन्यांतली १.१ मराठी शीर्षकाला लावूच नये.

हा आकडा एककाशिवाय लिहावा. नुसतं १.७ लिहिलं तर प्रत्येक वस्तू आपल्या अक्षराच्या आकारानुसार हिशेब करते. १७० टक्के लिहिलं तर मूळ पानावर निघालेले २७.२ पिक्सेलच पुढे सगळ्यांना वारशानं मिळतात, आणि ३२ पिक्सेलच्या शीर्षकाच्या ओळी एकमेकींवर चढतात.

खिळ्यांच्या छपाईत याच जागेसाठी ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला; तिथले देवनागरी टाइप देशभर नावाजले गेले. देवनागरी ओळीच्या उंचीचा विचार या शहरात नवा नाही. आजही मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट वेबवर मोफत मिळतो.

बटणाला ठरावीक उंची देणं ही मराठी पानावरची दुसरी नेहमीची चूक. ३२ पिक्सेल उंची, लाइन-हाइट १, ओव्हरफ्लो लपवलेला. आणि 'नोंदणी करा' मधल्या वेलांटीचं टोक गायब. उंची देऊ नका, वर-खाली १२ पिक्सेल पॅडिंग द्या. अक्षर जेवढं मागेल तेवढं बटण वाढेल. आणि अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटर-स्पेसिंग, मराठीला शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.

## "दोनदा एंटर मारला की काम होतं ना?"

संगणकावर होतं. लिहिण्याच्या चौकटीत रिकामे परिच्छेद किंवा ओळ तोडणारे टॅग घालून जागा करणं सोपं वाटतं. पण त्या जागेची उंची ओळीएवढीच असते, २७.२ पिक्सेल, नाहीतर ५४.४. मधलं काही मिळत नाही. फोनसाठी ती कमी करायची तर सगळा मजकूर पुन्हा उघडून टॅग काढावे लागतात. आणि पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या अंध वाचकाला मध्येच 'रिकामं' असं ऐकू येऊ शकतं. जागा मजकुरात भरायची नाही, मांडणीत द्यायची.

## आकडे कुठून आणायचे

दर वेळी नवा आकडा शोधू नका. ४, ८, १२, १६, २४, ३२, ४८ एवढी मापं ठरवून ठेवली की पूर्ण साइट भागते. शीर्षक आणि त्याचा मजकूर ८, परिच्छेदांमध्ये १६, कार्डांमध्ये २४, विभागांमध्ये ४८.

ही मापं शक्यतो रेम या एककात लिहावीत. रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराचा आकार, सहसा १६ पिक्सेल. आईवडिलांनी फोनच्या ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवलेलं असेल तर अंतरंही त्याच प्रमाणात वाढतात. त्याचं जवळचं भावंड एम हे त्या-त्या वस्तूच्या स्वतःच्या अक्षरावर चालतं: २४ पिक्सेलच्या शीर्षकाला २ एम दिले की ४८ होतात, २ रेम दिले की ३२. दोन्हींची गल्लत झाली की अंतरं 'मनमानी' वाटू लागतात. उभ्या अंतराला टक्के मात्र देऊ नका. वरचं १० टक्के मार्जिन उंचीच्या नव्हे, बाहेरच्या पेटीच्या रुंदीच्या १० टक्के असतं. ३६० च्या फोनवर ३६ आणि १२०० च्या पडद्यावर १२०.

## "फोनवर इतकी जागा वाया कशी घालवायची?"

विभागांमधली मोठी अंतरं फोनवर जरूर कमी करा. 'क्लॅम्प' वापरून गॅपला किमान १६, पडद्याच्या रुंदीच्या ४ टक्के आणि कमाल ३२ असं सांगता येतं. ३६० च्या फोनवर तो १६ राहतो, ६०० वर २४ होतो, ८०० च्या पुढे ३२ वर थांबतो.

पण एकाखाली एक असलेल्या बटणांच्या बाबतीत काटकसर करू नका. लोकलमध्ये एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फोन चालवणाऱ्याला 'पैसे भरा' आणि 'रद्द करा' यांच्यात पुरेशी जागा लागते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात दाबायच्या वस्तूसाठी ४८ एककांची जागा आणि दोन वस्तूंमध्ये ८ एकक सुचवले आहेत. अॅपल ४४ पॉइंट म्हणते. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीच्या ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीत किमान २४ बाय २४ पिक्सेल धरले आहेत. वस्तू त्याहून लहान असेल तर भोवतालच्या मोकळ्या जागेसह तेवढं माप भरलं पाहिजे.

## फट कुठून आली ते कसं पाहायचं

अंदाजानं आकडे बदलत बसू नका. संगणकावर क्रोममध्ये त्या जागेवर उजवं क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा. पेटीवर माउस नेला की मार्जिन नारिंगी दिसतं, पॅडिंग हिरवं, आतला मजकूर निळा. गॅप तिरक्या रेघांच्या पट्ट्यांनी उठून दिसतो. फट नारिंगी असेल तर कुणाचं मार्जिन ते शोधा. हिरवी असेल तर ती आतली जागा आहे. यांपैकी कुठलाच रंग लागत नसेल तर दोन शक्यता: लाइन-हाइटची मोकळीक, किंवा चित्र.

चित्राखालची ती बारीक फट फार जणांना छळते. ब्राउझर चित्राला एखाद्या मोठ्या अक्षरासारखं ओळीत बसवतो आणि ओळीखाली लोंबणाऱ्या अक्षरांसाठी ठेवलेली जागा त्याच्याखाली उरते. मार्जिन शून्य केलं तरी ती जात नाही. चित्राचा डिस्प्ले 'ब्लॉक' केला की जाते.

शेवटी पानावर एक परीक्षा घ्या. ब्राउझरमध्ये लाइन-हाइट अक्षराच्या दीडपट आणि परिच्छेदांमधलं अंतर अक्षराच्या दुप्पट करून पाहा. वर आलेल्या २.२ नियमावलीप्रमाणे वाचकानं एवढं वाढवलं तरी मजकूर कापला जाता कामा नये. मराठी पानाची ओळ आधीच दीडपटीच्या वर असेल तर ती दुप्पट करून पाहा. कुठल्या कार्डातून अक्षरं बाहेर आली, कुठल्या बटणातली वेलांटी गेली, हे लगेच दिसेल, आणि तिथे बहुधा कुणीतरी पॅडिंगऐवजी उंची लिहिलेली सापडेल.